शेवटच्या चाकाची खबर

गुरुवार, कँटन

मिशिगन राज्यात पिकअपच्या मागे कॅम्पर, म्हणजे राहण्याची सोय असलेला ट्रेलर, आणि त्या कॅम्परच्या मागे आणखी एक ट्रेलर जोडून रस्त्यावर यायचं असेल, तर चालवणाऱ्याच्या परवान्यावर ‘आर’ असा वेगळा शेरा लागतो. वय 18 पूर्ण हवं आणि सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या, म्हणजे राज्यात वाहनपरवाने देणाऱ्या, कचेरीत लेखी परीक्षा द्यावी लागते. पहिला ट्रेलर फिफ्थ व्हील पद्धतीचाच हवा, म्हणजे ज्याच्या पुढच्या टोकाचा भार पिकअपच्या हौद्यात, मागच्या आक्साच्या (चाकांच्या आसाच्या) वर बसतो असा. दुसऱ्यावर बोट, स्नोमोबाइल, मोटारसायकल असलं हौसेचं सामान चालतं. सगळी मिळून लांबी 75 फुटांच्या आत. राज्याची हद्द ओलांडली की नियम बदलतात आणि काही राज्यांत ही जोडणीच चालत नाही. म्हणून आमचा बेत मिशिगनमधलाच: दक्षिणेकडच्या कँटनमधून निघायचं, मॅकिनॉचा पूल ओलांडायचा आणि वरच्या द्वीपकल्पात इंडियन लेकच्या काठी राहायचं.

शेरा माझ्या परवान्यावर आहे, नवऱ्याच्या नाही. त्यामुळे माळ जोडलेली असेल तेव्हा चाक माझ्या हाती.

पुढे आमची वन-टन डिझेल पिकअप, मागे 30 फुटी कॅम्पर, त्याच्या मागे ट्रेलरवर 16 फुटी ॲल्युमिनियमची बोट. हौद्यावर जो भाग एकमेकांवर येतो तो वजा केला, तर पिकअपच्या बंपरपासून बोटीच्या प्रॉपेलरपर्यंत 70 फुटांच्या जरा आत. आज दिवसभर मी जोडणी केली आणि अण्णा, माझे वडील, पाठीमागे हात बांधून बघत होते. ते मे महिन्यात आमच्याकडे आले. वाळवा तालुक्यात त्यांनी उभी हयात ऊस पिकवला, आणि हंगामात ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या लावून तो स्वतः कारखान्यावर नेला. दोन ट्रॉल्यांत मिळून वीस टनांच्या आसपास माल, रात्रीचा रस्ता आणि गाळपाच्या अड्ड्यावर नंबर लागेपर्यंत ट्रॉलीखालीच झोप. जोडलेली वाहनं ओढणं म्हणजे काय, हे आमच्या घरात माझ्याआधी त्यांना कळलं.

“मागची दांडी कुठं अडकवलीस?” त्यांचा पहिला प्रश्न.

प्रश्न नेमका होता. कॅम्परच्या मागे दुसरा ट्रेलर ओढायचा तर त्याची मागची चौकट तेवढी भक्कम लागते. बहुतेक कॅम्परची चौकट त्यासाठी बनवलेलीच नसते. आम्ही ती जाणत्या फॅब्रिकेटरकडून पुढपर्यंत पट्ट्या घालून मजबूत करून घेतली आणि मग हूक बसवला. त्यामागचं गणित अण्णांना जमिनीवर काडीने काढून दाखवलं. बोट आणि तिचा ट्रेलर मिळून 700 किलो, त्यातला दहावा हिस्सा म्हणजे 70 किलो दांडीतून कॅम्परच्या शेपटावर उतरतो. ते शेपूट कॅम्परच्या आक्सांपासून साधारण 3.3 मीटर मागे, आणि पुढची पिन, म्हणजे कॅम्पर पिकअपला जिथे अडकतो ती खुंटी, आक्सांपासून 5.5 मीटर पुढे. तराजूच्या हिशेबाने मागे ठेवलेले 70 किलो पुढच्या पिनवरचे 42 किलो उचलतात आणि आक्सांवर 112 किलो घालतात. आमच्या पिनवर 900 किलोंच्या आसपास भार आहे, म्हणून 42 गेल्याने काही बिघडत नाही. पण कॅम्परमध्ये पाण्याची टाकी, सायकली, लाकडं असं सगळं मागच्या बाजूला रचलं असतं, तर पिन हलकी झाली असती, आणि पिन हलकी झाली की गाडी झुलायला लागते.

“आमचा ट्रॅक्टर तोंड वर करायचा, ते हेच,” अण्णा म्हणाले. चढाला मागच्या भाराने पुढची चाकं उचलू नयेत म्हणून ते बंपरवर वजनं टांगायचे.

ब्रेकपाशी ते जास्त वेळ थांबले. कॅम्परला विजेचे ब्रेक आहेत; मी पिकअपचं पेडल दाबलं की कंट्रोलर तेवढा प्रवाह मागे पाठवतो. बोटीचा ट्रेलर पाण्यात बुडतो, त्याला वीज मानवत नाही. त्याचे ब्रेक धक्क्यावर चालतात: पुढचं वाहन मंदावलं की ट्रेलर पुढे रेटतो, त्या रेट्याने दांडीतला सिलिंडर दाबला जातो आणि ब्रेक लागतात. शिवाय दोन्ही ट्रेलरना ब्रेकअवेची तार. हूक सुटून ट्रेलर मागे राहिला, तर ती तार ओढली जाते आणि त्याचे ब्रेक आपोआप आवळले जातात. दांडीखाली फुलीसारख्या दोन साखळ्या, म्हणजे हूक निसटला तरी दांडी जमिनीत न रुतता साखळ्यांवर झेलली जाईल.

अण्णांनी ती तार बोटांत धरून बराच वेळ पाहिली. ट्रॉलीची पिन उडून मागची ट्रॉली उतारावर सुटलेली त्यांनी डोळ्यांनी बघितली आहे. त्या ट्रॉलीला ब्रेकच नव्हते. त्यांच्या कुठल्याच ट्रॉलीला नव्हते.

शुक्रवार, कँटन ते मॅकिनॉ सिटी

दुपारी बारानंतर निघालो. यूएस-23 ने फ्लिंटपर्यंत, तिथून आय-75 धरून सरळ उत्तरेला. एकूण 280 मैल, म्हणजे 450 किलोमीटर. साठ मैलांच्या वर मी नेत नाही.

दोन ट्रेलर जोडले की नकाशा वेगळा दिसायला लागतो. मागे जाता येत नाही. एक ट्रेलर असेल तर सरावाने मागे घेता येतो. दोन सांधे असतील तर पहिला ट्रेलर वळवताना दुसरा उलट्या दिशेला पळतो आणि चार-पाच फुटांत सगळं आवळून बसतं. वर बोटीचे ब्रेक धक्क्यावर चालणारे. मागे रेटलं की तेही लागतात. त्यामुळे जिथे शिरायचं तिथून सरळ पुढे बाहेर पडता येईल का, हे आधी बघायचं. पंपावर मोटारींच्या रांगेत जायचंच नाही, मोठ्या ट्रकांच्या डिझेल रांगेत जायचं. जेवायला थांबायचं तर आवार आरपार आहे का ते उपग्रहाच्या चित्रावर आदल्या रात्री बघून ठेवायचं. वाटेत लेकीला एका दुकानाची पाटी दिसली आणि ती आइस्क्रीमसाठी हटून बसली. आवाराला एकच दार होतं. पुढे गेलो.

सॅगिनॉ मागे टाकलं की झिलवॉकीचा पूल लागतो. सॅगिनॉ नदीवरून आय-75 तिथे 125 फूट उंच जातो, खालून जहाजं जावीत म्हणून. वर कठड्याखेरीज आडोसा नाही, वारा थेट अंगावर येतो. कॅम्परची उंची 13 फुटांच्या जवळपास, त्यामुळे तो वाऱ्यात शिडासारखा भरतो. मी वेग पन्नासावर आणला आणि मधली लेन सोडून उजवीकडे आले.

दोन ट्रेलरच्या बाबतीत हाताला सगळ्यात जपावं लागतं. चाक झटकन फिरवलं तर पिकअप जेवढी बाजूला सरकते त्याहून कॅम्पर जास्त, आणि शेवटचा ट्रेलर त्याहून जास्त. आमच्या शेजारच्या ॲन आर्बरमध्ये, मिशिगन विद्यापीठाच्या वाहतूक संशोधन संस्थेत, 1980 च्या दशकात मोठ्या दुहेरी ट्रकांवर यासंबंधी पायाभूत काम झालं. दोन ट्रेलरच्या नेहमीच्या ट्रकमध्ये पुढच्या ओढणाऱ्या वाहनाला बसलेला आडवा हिसका शेवटच्या ट्रेलरपर्यंत जाताना जवळपास दुप्पट होऊ शकतो, असं त्या अभ्यासांत दिसलं. पुढे केबिनमध्ये बसलेल्याला गाडी सावरली असं वाटतं, आणि त्याच क्षणी शेवटचा ट्रेलर उलटण्याच्या बेतात असतो. माझी गाडी त्या ट्रकांएवढी जड नाही, पण सांधे तेच. म्हणून रस्त्यात फाटलेल्या टायरचा तुकडा दिसला तरी चाक झटकत नाही. आधीच दूरवर बघायचं, आणि लेन बदलायची तर पाच-सहा सेकंद घेऊन.

इथेच मला या सगळ्या प्रकारातली मूळ गोष्ट वाटते ती सांगते. ओढण्याची ताकद आजच्या डिझेल पिकअपमध्ये भरपूर आहे. अवघड आहे ते शेवटच्या चाकाची खबर पुढे पोचणं. माझ्या सीटखालचा टायर बसला तर मला तत्काळ कळतं. कॅम्परचा बसला तर थोडं उशिरा, पण कळतं. बोटीच्या ट्रेलरचा टायर फुटला तर केबिनमध्ये काही म्हणजे काही जाणवत नाही. पुढे सहा-सात टन वजन चाललेलं असताना मागच्या 700 किलोंची कुरकुर त्यात विरून जाते. म्हणून मागे कॅमेरा, प्रत्येक टायरच्या तोंडावर हवेचा दाब सांगणारं यंत्र, आणि साधारण दीड तासाला थांबून पायी एक फेरी.

वेस्ट ब्रँच ओलांडलं तेव्हा ऊन कललं होतं. अण्णा उजव्या खिडकीशी बसले होते.

“आगं, कॅमेऱ्यात कशाला बघतीस? सावली बघ की.”

रस्ता उत्तरेला, सूर्य पश्चिमेला, आणि आमची सगळी माळ उजवीकडच्या गवतावर लांबच्या लांब पडलेली. पिकअप, कॅम्पर, त्यामागे बोट. बोटीचं नाक किती हलतंय, चाकं सरळ धावताहेत का, ताडपत्रीचा कोपरा सुटलाय का, सगळं त्या सावलीत दिसत होतं. कॅमेऱ्यात बोट समोरून दिसते, तिचं वरखाली होणं कळत नाही. सावलीत तेच आधी कळतं. अण्णा म्हणाले, संध्याकाळच्या खेपेला ते शेजाऱ्याच्या रानातल्या सावलीवरच लक्ष ठेवायचे. अंधार पडला की मग ट्रॉलीवर बसलेल्या पोराच्या हाकेवर. त्यानंतर गेलॉर्डपर्यंत सावलीचा पहारा त्यांनी केला. गेलॉर्डजवळ 45 व्या अक्षांशाची पाटी आहे, विषुववृत्त आणि उत्तर ध्रुव यांच्या जवळपास मध्यावरची. ती लेकीने मोठ्याने वाचली, पण आजोबांनी मान वळवली नाही.

अंधार पडायच्या आत मॅकिनॉ सिटीत पोचलो. कॅम्पातली जागा आरपार शिरता येईल अशी निवडून ठेवली होती. काहीच सोडावं लागलं नाही.

शनिवार, मॅकिनॉ सिटी

आज पूल ओलांडायचा होता. ओलांडला नाही.

मॅकिनॉचा पूल 1 नोव्हेंबर 1957 रोजी वाहतुकीला खुला झाला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाच मैल, आठ किलोमीटर. मधल्या दोन मनोऱ्यांमधलं अंतर 3,800 फूट, मनोरे पाण्यापासून 552 फूट उंच, आणि मध्यावर रस्ता पाण्याच्या 200 फूट वर. एका बाजूला लेक मिशिगन, दुसऱ्या बाजूला लेक ह्युरॉन. वाऱ्याला अडवायला तिथे काही नाही.

पुलाच्या प्राधिकरणाच्या वाऱ्यासाठी पायऱ्या ठरलेल्या आहेत. वारा ताशी 20 मैलांवर गेला की सगळ्यांना इशारा. 35 वर गेला की कॅम्पर, ट्रक, बंद ट्रेलर अशा उंच वाहनांना थांबवून, राखणगाडीच्या मागे 20 मैलांच्या वेगाने नेतात. 50 वर उंच वाहनांना बंदी. 65 वर पूल सगळ्यांनाच बंद. सकाळी वारा तिसाच्या पुढे होता आणि झोत चाळिशीकडे जात होते. राखणगाडीमागून जाता आलं असतं. मी नको म्हटलं. राखणगाडी पुढे असते. माझी काळजी मागची. उंच कॅम्पर आणि त्यामागे हलकी बोट, हे दोघं आडव्या झोतात एकाच वेळी सारखे वागत नाहीत.

नवऱ्याला वाटत होतं दुपारी जमेल. तो दर तासाला वाऱ्याचा आकडा बघत होता. तिसऱ्या प्रहरीही कमी झाला नाही, तेव्हा त्याने आपणहून सांगितलं, “उद्या पहाटे.”

अख्खा दिवस पुलाकडे बघत काठावर काढला. अण्णांना मी टॅकोमा नॅरोजची गोष्ट सांगितली. वॉशिंग्टन राज्यातला तो झुलता पूल 1940 मध्ये, खुला झाल्यावर चार महिन्यांत, साधारण 40 मैलांच्या वाऱ्यात पिळवटून कोसळला. डेव्हिड स्टाइनमन यांनी मॅकिनॉचा आराखडा केला तेव्हा तो धडा समोर होता. त्यांनी रस्त्याखालची कैची, म्हणजे पोलादी सांगाडा, खोल आणि उघडी ठेवली, झुलत्या भागातल्या मधल्या दोन लेन सळ्यांच्या जाळीच्या केल्या आणि कडेलाही फट सोडली, म्हणजे वारा पुलाला न उचलता त्यातूनच निघून जाईल. जोराच्या वाऱ्यात मधला भाग 35 फुटांपर्यंत बाजूला सरकू शकतो, तोही झटक्याने नाही, हळूहळू. पुलावर जायला घाबरणाऱ्यांची गाडी चालवून पलीकडे नेऊन देणारी माणसंही तिथे आहेत. अण्णांना ही सोय फार पटली.

रविवार, पूल आणि यूएस-2

पहाटे सहाला वारा दहाच्या खाली. निघालो.

टोल आक्सांवर असतो: पिकअपचे दोन, कॅम्परचे दोन, बोटीचा एक. बाहेरच्या डांबरी लेनने ताशी 20 मैलांनी गेले. मोटारींना 45 ची मुभा आहे, त्या डावीकडून जाळीवरून घूं घूं आवाज करत जात होत्या. मध्यावर चढ संपून उतार सुरू होतो, तिथे पायाखालचं पेडल बदलतं. तोवर ओढत आणलेली माळ आता मागून रेटायला लागते. ब्रेक दाबण्याआधीच मी गिअर खाली घेतला आणि कॅम्परचे ब्रेक कंट्रोलरची कळ बोटाने दाबून अलगद लावले, म्हणजे मधलं वाहन मागे ओढून धरतं आणि माळ ताठ राहते. अण्णांनी मान डोलावली. उतारावर मागचं पुढच्यावर चढू द्यायचं नाही, हे त्यांनी ब्रेक नसलेल्या ट्रॉल्यांनिशी, नुसत्या गिअरवर सांभाळलंय. ते कसं सांभाळलं असेल, या विचाराने आज इतक्या वर्षांनी माझ्या पोटात गोळा आला.

सेंट इग्नेसला उतरून यूएस-2 ने पश्चिमेकडे. हा रस्ता लेक मिशिगनच्या अगदी काठाने जातो. डावीकडे वाळूच्या टेकड्या आणि पाणी. लोक रस्त्याच्या कडेलाच गाडी लावून पोहायला उतरतात. आम्हाला थांबायला आवडलं असतं, पण कडेला मोटारींची रांग होती आणि तिच्यात सत्तर फूट मोकळे नव्हते. पुढे कट रिव्हरचा पूल आहे, पोलादी, 641 फूट लांब, दरीपासून 147 फूट उंच, 1940 च्या दशकातला. त्याच्या अलीकडे-पलीकडे थांबे आहेत. तिथे जागा मिळाली. फेरी मारली, पाचही आक्सांच्या हबना, म्हणजे बेअरिंग असलेल्या चाकांच्या मधल्या गड्ड्यांना, हात लावला. सगळे कोमट.

नॉबिनवेच्या पुढे पेस्टी खाल्ली. कॉर्नवॉलहून इथल्या तांब्या-लोखंडाच्या खाणींत आलेल्या कामगारांनी आणलेला हा पदार्थ. पिठाच्या जाड पारीत मांस, बटाटा, कांदा आणि रुटाबागा नावाचा कंद भरून भाजलेला. अण्णा माळकरी, त्यांना बिनमांसाची मिळाली. त्यांनी लाल तिखटाची पुडी काढली.

मॅनिस्टीक गावात डावं-उजवं वळण घेताना लांबीची खरी परीक्षा होते. कॅम्पर वळणात आत कापतो, म्हणून पिकअप चौकात पुष्कळ पुढे नेऊन मग चाक फिरवायचं. पण बोटीचं वागणं वेगळं. तिची दांडी कॅम्परच्या आक्सांच्या बऱ्याच मागे अडकवलेली असते, त्यामुळे वळताना कॅम्परचं शेपूट आधी बाहेरच्या बाजूला झुकतं आणि दांडीला बाहेर नेतं, आणि मग बोट जवळजवळ कॅम्परच्याच चाकोरीत येते. म्हणजे आतल्या बाजूचा खांब चुकला की बोटीचाही चुकतो. बाहेरच्या बाजूला उभी असलेली मोटार मात्र शेपटाच्या तडाख्यात येऊ शकते. लोक आतला आरसा बघत राहतात. बाहेरचाही बघायला हवा.

सोमवार आणि मंगळवार, इंडियन लेक

बोट सोडून पिकअपला लावली, कॅम्पर तिथेच ठेवला. एकच ट्रेलर घेऊन उतारावर मागे जाऊन बोट पाण्यात सोडताना सुटल्यासारखं वाटलं. तळं प्रचंड आहे पण उथळ. 15 फुटांच्या पुढे पाणी क्वचितच जातं. वारा आला की त्यावर लाटा लवकर उठतात, म्हणून आम्ही सकाळीच जायचो. लेकीला पर्च मासे मिळाले. अण्णा नुसते बोटीत बसायचे, गळ हातात घ्यायचे नाहीत.

तळ्याच्या पश्चिमेला किच-इटी-किपीचा झरा आहे. 40 फूट खोल, तळ स्वच्छ दिसतो, आणि जमिनीतून दर मिनिटाला 10,000 गॅलन पाणी उसळतं. उन्हाळा असो की हिवाळा, पाण्याचं तापमान 45 अंश फॅरेनहाइट, म्हणजे 7 सेल्सिअस. दोरखंडाला बांधलेल्या तराफ्यावर उभं राहून आपणच चाक फिरवत पलीकडे जायचं. तळातली वाळू पाण्याच्या दाबाने ढगांसारखी फिरत राहते. अण्णांनी चाक फिरवायला घेतलं आणि दुसऱ्याला दिलं नाही. विहिरीला पाणी लागण्याची वाट बघत ज्यांचे उन्हाळे गेले, त्यांना मिनिटाला जवळपास 38,000 लिटर म्हणजे काय हे समजावून सांगावं लागलं नाही. “ह्ये सगळं वाहून जातंय?” एवढंच विचारलं. इंडियन लेकमध्ये जातं, म्हटलं. “मग ठीक हाय.”

बुधवार, परतीची वाट

सकाळी माळ पुन्हा जोडली. दिवे तपासले. बोटीचे दिवे पाण्यात बुडून येतात, तिथे जोड गंजतो, म्हणून ते रोज बघायचे. पूल शांत होता, सहज ओलांडला.

ग्रेलिंगच्या अलीकडच्या विश्रांतीथांब्यावर नेहमीची फेरी. अण्णा उजव्या बाजूने, मी डाव्या. बोटीच्या ट्रेलरपाशी पोचल्यावर त्यांनी हबला हात लावला आणि झटकन काढला.

“हिकडं ये. ह्यो भाजतोय.”

उष्णतामापकाने बघितलं: डावा हब 46 अंश सेल्सिअस, उजवा 97. चाकाच्या आतल्या अंगाला ग्रीसचे काळे फराटे. सील गेलं होतं. तळ्यात उतरताना गरम हब थंड पाण्यात बुडतो, आतली हवा आकसते आणि सील जरा जरी सैल असेल तर पाणी आत ओढलं जातं. पाणी ग्रीसमध्ये मिसळलं की बेअरिंग कोरडं घासायला लागतं. टायरचा दाब बरोबर होता, म्हणून यंत्र गप्प. कॅमेऱ्यात काहीच दिसत नव्हतं. केबिनमध्ये तर नाहीच. असंच आणखी काही मैल गेलो असतो, तर बेअरिंग जाम होऊन आक्साचं टोक तुटलं असतं आणि चाक एकटंच महामार्गावरून पळालं असतं. मागच्या मोटारीत कोण बसलेलं असतं, कोण जाणे.

बेअरिंगचा संच, सील आणि ग्रीस आम्ही कायम बरोबर ठेवतो. माळ ट्रकांच्या पट्ट्यात सरळ उभी होती, बाकी चाकांना ठोकळे लावले, जॅक दिला. पुढचा दीड तास अण्णांचा होता. मी दोन दशकं वाहनांच्या ब्रेकवर काम करते, पण हबसमोर मांडी घालून बसलेल्या अण्णांना हत्यार देण्यापलीकडे मी काही केलं नाही. त्यांनी टोपी उडवली, कॉटर पिन सरळ करून काढली, नट सोडला, हब ओढला. आतलं बेअरिंग निळं पडलेलं. रोलरवर चरे. बाहेरचं बरं दिसत होतं, तेही टाकलं. जुने कप, म्हणजे बेअरिंगच्या बाहेरच्या कड्या, पंच लावून चारही अंगांनी थोडं थोडं ठोकत काढले, नवे तसेच बसवले. ठोकण्याच्या आवाजावरून ते सांगत होते: “अजून न्हाय बसला. आता बसला.” पूर्ण टेकल्यावर आवाज बदलतो, बद्द येतो.

मग ग्रीस. तळहातावर गोळा घेतला आणि बेअरिंगची कडा त्यात दाबत दाबत, दुसऱ्या बाजूने रोलरमधून ग्रीसच्या गुठळ्या बाहेर येईपर्यंत भरलं. एक वेढा झाला की थोडं फिरवून पुढचा. लेक बाजूला उकिडवी बसली होती, तिच्याही तळहातावर त्यांनी गोळा ठेवला. बाहेरचं बेअरिंग तिने भरलं. नट आधी घट्ट आवळला, हब फिरवत राहिले, मग नट सैल केला आणि बोटांनी येईल तेवढाच परत आणला. फार घट्ट राहिला तर पुन्हा तापतो, सैल राहिला तर डुगडुगतो. नवी कॉटर पिन. चाक. त्यांनी टायर वरून-खालून धरून हलवून बघितला आणि मला म्हणाले, “तू बघ.” मी बघितला.

दहा मैलांवर पुन्हा थांबलो. 41 अंश. मग तीस मैलांवर. 44.

उशीर झाला होता. अंधारात ही माळ चालवायची नाही असं मी ठरवून ठेवलं आहे, म्हणून वेस्ट ब्रँचलाच मुक्काम केला.

गुरुवार, घर

झिलवॉकीवर आज वारा नव्हता. दुपारी पोचलो. सोडताना उलट क्रम: आधी बोट, मग कॅम्पर. बोटीचा ट्रेलर हाताने ढकलत गॅरेजमध्ये घेतला आणि डाव्या बाजूचंही बेअरिंग, कोमट असलं तरी, उघडलं. ग्रीस दुधाळ व्हायला लागलं होतं. तेही बदललं. दोन्हीकडची सील चांगल्या प्रतीची आणि दुहेरी ओठाची मागवली आहेत. इथून पुढे तळ्यावर पोचल्यावर हब थंड होईपर्यंत थांबूनच बोट पाण्यात उतरवायची.

रात्री अण्णा माझ्या टेबलाशी आले, वही घेऊन. गणपतीच्या आधी ते परत जाणार आहेत, आणि त्यानंतर दोन महिन्यांत कारखाने पेटतील. सात पिनांचं सॉकेट कसं जोडतात, कुठली तार कुठल्या दिव्याची, हे त्यांना काढून हवं होतं. दोन्ही ट्रॉल्यांना मागे दिवे बसवायचे, पुढच्या ट्रॉलीतून मागच्या ट्रॉलीला वायर न्यायची. रिफ्लेक्टरचं कापड हंगामाच्या सुरुवातीला लावतात, ते चिखलाने आठवड्यात झाकतं. ते पुसायचं काम ट्रॉलीवरच्या पोराला नेमून द्यायचं. ब्रेकअवेचा स्विचही त्यांनी यादीत लिहिला.

“अण्णा, ट्रॉलीला ब्रेकच नाहीत. स्विच कशावर चालणार?”

“आधी ब्रेकचा आक्सा बसवून घेतो. आष्ट्यात एक फॅब्रिकेशनवाला हाय, त्याच्याकडं बोलतो. एका वर्षात एक ट्रॉली, पुढच्या वर्षी दुसरी.”

“आधी कुठली?”

“मागची.”

मी आकृती काढायला घेतली. पांढरी तार जमिनीची, तपकिरी मागच्या दिव्यांची, पिवळी डाव्या वळणाची, हिरवी उजव्या वळणाची, निळी ब्रेकची. अण्णांनी प्रत्येकीच्या पुढे आपल्या अक्षरात मराठीत नाव लिहिलं आणि ट्रॉलीची लांबी धरून किती मीटर वायर लागेल, त्याचा हिशेब मांडला.